केसपेपरवरची मिरची

माणूस छातीला हात लावून आला की त्याला आडवं करायचं, हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा वाट्या, मध्ये गार जेल, आणि बटण. मशीनमधून गुलाबी चौकटींचा कागद सरकत बाहेर येतो. डॉक्टर त्याला ईसीजी म्हणतात, आमच्याकडे सगळे पट्टी म्हणतात. नंदुरबारातल्या एका हार्टच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं पट्ट्या काढतोय. त्याआधी अकरा वर्षं एका बालरोगतज्ज्ञांकडे कंपाउंडर होतो. म्हणजे आधी लहान मुलांना रडवलं, आता मोठ्यांना घाबरवतो.

या धंद्यात माणसं फार भेटतात. एका आजोबांनी वाट्या लावल्यावर माझा हात धरला. "भाऊ, मन्हा आंगमधली लाइट मशीनमा जास, का मशीननी लाइट मन्हा आंगमा येस?" मी म्हटलं, "तुमचीच मशीनमध्ये येते." ते ताडकन उठून बसले. म्हणे, मग माझ्याजवळ काय उरेल? दुसऱ्या एकाने पट्टी देव्हाऱ्यात ठेवली होती. सहा महिन्यांनी तपासणीला आणली तेव्हा तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं, आणि नेमकं तिथेच आम्हाला बघायचं होतं.

हे सगळं मी घरी सांगतो. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की मला मध्ये बसवतात. आमची सौ. म्हणते, "पगार दवाखान्याचा घेतात आणि कामगिरी तमाशातली करतात." त्या सगळ्यांत जास्त चाललेली गोष्ट मिरचीवाल्या पोरीची. ती मी कितीतरी वर्षं सांगितली, दरवेळी थोडी वाढवून. आता सांगत नाही. का, ते लिहूनच ठेवतो. तोंडी सांगायला बसलो की मी हसवायला लागतो. सवय वाईट.

नंदुरबारला मिरचीच्या हंगामात गावाबाहेर पथाऱ्या पडतात. ओली लाल मिरची मोकळ्या जागेवर वाळत घालतात, नजर जाईल तिथपर्यंत लाल. बाया दिवसभर ती उलटतात, निवडतात, देठ मोडतात. संध्याकाळी त्यांचे हात पेटलेले असतात, डोळे लाल असतात. आमच्या दवाखान्यात पथारीवरची बाई दारात आली की आतल्या खोलीतलं बाळ शिंकायचं.

त्या काळी मी दारातल्या निदानासाठी प्रसिद्ध होतो. साहेबांकडे, म्हणजे त्या बालरोगतज्ज्ञांकडे, ही गर्दी. मी दाराशी टेबल टाकून नाव-गाव विचारायचो आणि केसपेपरवर पहिली ओळ लिहायचो: काय होतंय, कशामुळे. साहेबांना एका पेशंटला फार तर तीन मिनिटं मिळायची. ते माझी ओळ वाचायचे आणि पुढे जायचे. पेशंट बसायच्या आत मी गाव आणि आजार दोन्ही ओळखतो, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे. मी शेफारलो होतो.

एके दिवशी रनाळ्याची एक बाई चार वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन आली. बाईचं नाव रेखाबाई. पदराला मिरचीचा वास, नखं लाल. पोरीला पाच-सहा दिवस ताप. दोन्ही डोळे लालभडक, पण चिपड नाही. ओठ फुटलेले, जीभ लाल आणि खरखरीत, अंगावर पुरळ, हात सुजलेले. मी विचारलं, "पथारीवर नेता का हिला?" बाई म्हणाली, "कोठे ठेवू भाऊ? संगेच ऱ्हास."

झालं. मी लिहिलं: "मिरचीच्या पथारीवर असते. मिरची लागून डोळे, ओठ, अंग लाल. ताप." साहेबांनी ओळ वाचली. डोळ्यांत टाकायला थेंब, तापाचं सिरप, पुरळाला मलम. पुढचा पेशंट.

दोन आठवड्यांनी बाई पुन्हा आली. ताप गेला होता, पोर खेळत होती. बोटांच्या टोकांची मात्र सालं निघत होती, लसणाच्या पाकळीवरून निघतात तशी. साहेब जेवायला गेले होते. मी पोरीची बोटं उलटीपालटी केली आणि म्हटलं, "अगं, मिरची आता साल सोडतेय! खोबरेल लाव. आणि हिला तिखटापासून लांब ठेव." साहेब आल्यावर मी त्यांना सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

घरी मात्र सांगितलं. पोरीच्या सोललेल्या बोटांची नक्कल करून. सगळे खूप हसले.

आता मधली बरीच वर्षं सोडतो. मी बालकांकडून हार्टकडे आलो. आमच्याकडे दर शनिवारी सुरतेहून हार्टचे सर येतात, इतर दिवशी इथले डॉक्टर असतात. पाच-सहा वर्षांपूर्वी खापर गावचा एक तिशीतला दुकानदार अटॅक घेऊन आला. तंबाखू नाही, शुगर नाही, घराण्यात कुणाला काही नाही. अँजिओग्राफीत त्याच्या हृदयाच्या नळ्या फुगवटे आलेल्या निघाल्या. सरांनी त्याच्या आईला पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी याला आठवडाभर ताप आला होता का? डोळे लाल, ओठ लाल?"

मग आम्हा सगळ्यांना बसवून त्यांनी समजावलं. आजाराचं नाव कावासाकी. ज्या जपानी डॉक्टरांनी तो ओळखला त्यांचं नाव. लहान मुलांना होतो. कशाने होतो ते अजून जगात कुणाला नक्की ठाऊक नाही. हृदयाला स्वतःलाच रक्त पुरवणाऱ्या ज्या नळ्या असतात, सरबताच्या बारीक नळीएवढ्या, त्यांच्या भिंतींना या तापात सूज येते. भिंत कमजोर होऊन जागोजागी फुगते, जुन्या सायकलच्या ट्यूबसारखी. सगळ्यांची फुगत नाही. पहिल्या दहा दिवसांत एक विशिष्ट इंजेक्शन मिळालं तर बहुतेक मुलांच्या नळ्या वाचतात. नाही मिळालं, तरी ताप आपोआप जातो. मूल हसतं, खेळतं, शाळेत जातं. भिंतीचं काम मात्र आत चालूच राहतं, वीस-वीस वर्षं. ती जाड होत जाते, कडक होत जाते, तिच्यात चुन्यासारखा थर बसतो. काही ठिकाणी आतली वाट अरुंद होते. बाहेरून काहीच कळत नाही.

सरांनी मोबाइलवर फोटो दाखवले. डोळे. ओठ. जीभ. शेवटचा फोटो बोटांचा, नखाच्या कडेपासून सुटलेली सालं.

मी त्या फोटोकडे बघत राहिलो. मिरचीने साल निघते ती जिथे घासतं तिथे, तळव्याला, बोटांच्या पेरांना. नखाच्या कडेने गोल नाही निघत. हे मला शिकवायला जपानहून कुणी यायची गरज नव्हती, मी मिरचीच्या गावातला माणूस. आणि चार वर्षांच्या पोरीने देठ मोडले असतील तरी किती? पण मी स्वतःला म्हटलं, ती मिरचीच होती. रनाळं नंदुरबार तालुक्यातलंच गाव. एखाद्या रविवारी जाऊन चौकशी करता आली असती. पाच-सहा वर्षांत मला तसा रविवार सापडला नाही. गोष्ट मात्र मी सांगत राहिलो, फक्त बोटांचा भाग जरा आटोपता घेऊन.

मग गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी तेवीस वर्षांची एक मुलगी आली. उंच, काटक, पायांत धावायचे बूट. पोलीस भरतीची तयारी करत होती, अकॅडमीला फिटनेसचा कागद हवा होता. अशी मुलं आमच्याकडे खूप येतात. पट्टी काढायची, इथले डॉक्टर बघतात, सही करतात. दहा मिनिटांचं काम.

बायकांना वाट्या लावायचं काम आमच्या सिस्टरचं. मी पडद्याअलीकडे मशीनपाशी असतो. पडद्याआड मुलगी, अलीकडे मी, आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर तिची आई. माझ्या तोंडाला मास्क, डोक्यावर पांढरे केस, तिने मला ओळखायचं कारण नव्हतं. मीही तिला ओळखलं नाही. पट्टी सुरू झाली आणि आईही सुरू झाली.

"भाऊ, चांगली शे ना पट्टी? तशी इले काहीच नही. ल्हानपने मिरची लागनी व्हती तितलंच."

माझं बोट बटणावर होतं.

"आठ दिन ताप. बोटेसना सालटा निंघी ग्यात, लसूनना मायक. मी पथारीवर न्हेयेल व्हती ना. पन दवाखानामा कंपाउंडर भला मानूस व्हता. त्यानी खोबरेल सांगं, बरी व्हयनी. तव्हयपासून तिखट देत नही मी इले. आजून इन्हं कालवन येगळं."

पडद्याआडून मुलगी ओरडली, "आई, पुरे ना! सगळ्या दवाखान्याला सांगशील!"

कागद सरकत होता. शिखरं सारखी, अंतरं सारखी, सुंदर पट्टी. आता हे सांगायलाच हवं: पट्टी म्हणजे त्या मिनिटाला हृदयात वीज कशी फिरते त्याचं चित्र. नळीच्या भिंतीत काय साचलंय ते पट्टीला दिसत नाही. आरामात पडलेल्या माणसाची पट्टी स्वच्छ येते, आणि तोच माणूस आठशे मीटर पळायला लागला की काय होईल याची ती हमी देत नाही. त्या खोलीत हे माहीत असणारा मी एकटा होतो. मी बोललो असतो तर त्या पोरीचं धावणं थांबलं असतं. न बोलता राहिलो असतो तर कुणाला कधी कळलंही नसतं. आणि बोलायचं म्हणजे "तो भला कंपाउंडर मी" इथून सुरुवात करावी लागणार होती.

मी पट्टी फाडली, तिच्यावर "पूनम" असं नाव लिहिलं आणि डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी सही केली. जाताना पूनम म्हणाली, "थँक्यू काका." दुपारी मी डबा खाल्ला, ठेच्यासकट. अपराधी माणसालाही भूक लागते.

बुधवारही तसाच गेला. गुरुवारी संध्याकाळी घरी मेहुण्याचं कुटुंब आलं होतं. जेवणं झाली, मला मध्ये बसवलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, ती मिरचीवाली होऊन जाऊ द्या. आमच्या जावयांनी ऐकलेली नाही." मी सुरुवात केली. पोरीला कडेवर आणली, डोळे लाल केले, आणि बोटांपाशी येऊन थांबलो. सगळे हसायच्या तयारीत. मला पुढे बोलता येईना. सौ. म्हणाली, "विसरले बहुतेक. वय झालं." त्यावर सगळे हसले. म्हणजे शेवटी हसवलंच.

शुक्रवारी रजा टाकून मोटरसायकलने रनाळ्याला गेलो. रेखाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी मास्क काढला आणि म्हटलं, "बाई, तो कंपाउंडर मीच होतो."

मला वाटलं होतं, जड वाक्य आहे. बाईंनी सूप खाली ठेवलं आणि टाळीच वाजवली. "तुम्हीज का! पूनम, वं पूनम, बाहेर ये! देख कोन उना!" चहा ठेवला. घरातून प्लास्टिकच्या पिशवीतला केसपेपर आणला, घड्यांवर फाटलेला, वरची ओळ माझ्या अक्षरात. मी चांगलं अक्षर काढायचो तेव्हा. तो कागद हातात धरून मी म्हटलं, "हे चुकलं होतं." बाई म्हणाल्या, "साखर कितली टाकू?"

पूनमला मात्र लगेच कळलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "काका, पट्टी नॉर्मल आहे ना?"

"आहे."

"मग?"

मी मग सगळं सांगितलं. ताप, भिंत, चुना. उद्या शनिवार आहे, सर येतील, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून बघू, तोवर धावू नकोस. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माझं भरतीचं ग्राउंड, धावण्याची परीक्षा, पंधरा दिवसांवर आलीय. दोन वर्षं पहाटे उठतेय मी." मी विचारलं, "धावताना छातीत कधी काही झालं?" आईने भांडं हातातच धरून तिच्याकडे पाहिलं.

"दोनदा आवळल्यासारखं झालं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच होतं. सांगितलं असतं तर कागद दिला असता का तुम्ही?"

शनिवारी तिला हलत्या पट्ट्यावर चढवलं. पहिले दोन टप्पे ती हसत होती. तिसऱ्यात मशीनवरच्या रेघा खाली बसू लागल्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत होतं. तिच्या आधी मला दिसल्या. मी सरांकडे पाहिलं, सरांनी पट्टा थांबवला. ती ओरडली, "मी दमले नाहीये! चालू ठेवा!"

पुढच्या आठवड्यात सुरतेला सीटी स्कॅन झाला, मीही बरोबर गेलो होतो. सरांनी रिपोर्ट स्क्रीनवर लावला. डाव्या बाजूच्या मोठ्या नळीला फुगवटा आणि त्याची भिंत पांढरी, अंड्याच्या कवचासारखी. फुगवट्याच्या पुढे वाट निम्म्याहून कमी. सर म्हणाले, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज, स्पर्धेचं धावणं बंद, दर काही महिन्यांनी तपासणी, पुढेमागे बायपास लागेल. वेळेत सापडली हे नशीब. केसपेपरच्या ओळीचं मी त्यांना सांगितलं होतं. मग माझ्याकडे बघून, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "त्या वेळी इथे कुणी ओळखलंच असतं असं नाही. आणि ते इंजेक्शनही इथे मिळालं नसतं."

खरं असेल. मला वाईट वाटायला लागलं की मी हे वाक्य काढून बघतो. साहेब आता हयात नाहीत, त्यांच्यावर ढकलूनही पाहिलं. दोन्ही फार वेळ टिकत नाही. मी साहेबांना ती बोटं दाखवली असती तर कदाचित तेही खोबरेलच म्हणाले असते. कदाचित नसते म्हणाले. त्यांना ती दिसलीच नाहीत, एवढं मात्र नक्की.

बाहेरच्या बाकावर पूनम बूट मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "जीव वाचला, बेटा."

तिने माझ्याकडे न बघता बुटाची नाडी गुंडाळली. "काका, बोलायला हवं होतं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. आता बोललात. दोन्ही वेळा गेलं ते माझंच."

मी उठून तिच्या रिपोर्टची फाइल घेतली.

रेखाबाई मात्र दुसऱ्याच विचारात होत्या. परतीच्या गाडीत त्या एकदम म्हणाल्या, "भाऊ, म्हंजे मिरचीमुये नही व्हयनं?"

"नाही."

"पथारीवर न्हेयी, त्यामुये नही?"

"नाही, बाई. तुम्ही घरी ठेवली असती तरी झालं असतं."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. पोर आजारी पडली त्या दिवसापासून सासू म्हणते, तूच मिरचीत नेली. पोरीला सर्दी झाली तरी तेच, दहावीत मार्क कमी पडले तरी तेच. त्यांनी पथारी सोडली, कापसाला गेल्या. नवऱ्यानेही कधी आईला खोडून काढलं नाही. इतक्या वर्षांत घरातल्या प्रत्येक भांडणाचा शेवट मिरचीपाशी झाला. "भाऊ, एकदाव घर चला. तुम्ही सांगा म्हतारीले. मन्हं ती आयकाव नही. तुम्ही दवाखानाना मानूस."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढं तरी माझ्या हातून दुरुस्त होईल असं वाटलं.

त्या रविवारी गेलो. मागच्या खेपेला म्हातारी लेकीकडे गेलेली होती, या वेळी घरात होती, ऐंशीच्या पुढची, कान थोडे जड, नजर पक्की. पाटावर जेवायला बसवलं. भाकरी, शेवेची भाजी, वाटीत लाल मिरचीचा ठेचा, आणि पूनमच्या ताटात तिचं वेगळं फिकं वरण. मी म्हातारीच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, "आजी, पूनमले जे व्हयनं ते मिरचीमुये नही व्हयनं!"

"मंग कसामुये?"

मी अडकलो. "ते आजून जगमा कोनलेच माहीत नही."

"मंग मिरचीज व्हई," म्हातारी म्हणाली आणि भाकरी मोडली.

रेखाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पुन्हा सांगितलं, सरांचं नाव घेतलं, सुरतेचा रिपोर्ट सांगितला. म्हातारीने हात पुसला, उठली, आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. माझाच केसपेपर. वाचता येत नव्हतं तिला, पण नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. "आठे लिखेल शे ना! मिरची! दवाखानानी लिखेल शे. मी लिखी का?"

"आजी, ते मीज लिखेल शे."

म्हातारी माझ्याकडे नीट बघत राहिली, पेशंटकडे बघतात तशी. "मंग तू खोटं कव्हय बोलना? तव्हय का आते?"

पूनमने हात लांब करून ठेच्याची वाटी ओढली, भाकरीचा मोठा तुकडा बुडवला आणि तोंडात टाकला. कळत्या वयात पहिल्यांदा. चावत राहिली, थांबली नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते मिरचीचं की कशाचं ते मी विचारलं नाही. तिने दुसरा घास बुडवला.

"देख, देख, डोया कसा लाल व्हई ग्यात!" म्हातारी म्हणाली. "मी काय सांगी ऱ्हायनी?"

आणि रेखाबाईंनी, इतक्या वर्षांच्या सवयीने, ती वाटी पोरीपुढून उचलली.